थंडी पडली की टायरची हवा उतरते: आधी काय तपासायचं, नंतर काय

पुढच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या गाडीत होतेय का, ते आधी पाहा.

- सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो. तीच गाडी दुपारी काढली तर दिवा नसतो.
- परवा पंपावर ३३ हवा भरली होती, आज सकाळी मोजली तर २७ निघाली. पंक्चर कुठेच सापडत नाही.
- चारपैकी एकच टायर दर आठ-दहा दिवसांनी बसलेला दिसतो. टायरवाल्याने पाण्यात फिरवून पाहिला आणि "काही नाही साहेब, ओके आहे" म्हणून परत दिला.
- स्टेअरिंग जड लागतं, गाडी एका बाजूला ओढते, मायलेज पडलंय.
- टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात, मधली नक्षी मात्र शाबूत आहे.

माझं नाशिकला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. दिवाळी उलटली, निफाडकडचा पारा एक आकड्यावर आला, की दुकानात ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. दर हिवाळ्यात तेच. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या टायरमध्ये काहीच बिघाड नसतो. तरीही लोक पंक्चर शोधायला चारही चाकं खोलायला लावतात, आणि ज्यांच्या टायरला खरोखर गळती असते ते "थंडी आहे, चालायचंच" म्हणून महिनाभर तसेच फिरतात. त्यातून घाटात किंवा हायवेवर टायर फुटतो. म्हणून सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करून क्रमाने सगळं लिहितो.

पहिला प्रश्न: चारही टायर, की एकच?

इथेच निम्मं निदान होतं. चारही टायरची हवा साधारण सारखीच उतरली असेल, म्हणजे प्रत्येकात ४-५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप; पंपावर आपण ३०, ३३ म्हणतो ते हेच), तर कारण हवामान आहे किंवा हवा भरण्याची वेळ चुकली आहे. चारही टायरना एकाच आठवड्यात सारखीच गळती लागणं जवळजवळ अशक्य. तीन टायर ३० वर आणि एक २४ वर असेल, तर त्या एकाला गळती आहे, मग बाहेर थंडी असो की ऊन.

थंडीचा हिशोब सोपा आहे. टायरमध्ये कोंडलेली हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. कारच्या टायरमध्ये, म्हणजे ३०-३५ पीएसआयच्या आसपास, तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतो. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी २९-३० अंश आणि पहाटे ८-९ अंश असं सहज होतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे आकडे तर आणखी खाली जातात. हा २०-२२ अंशांचा फरक म्हणजे तीन-साडेतीन पीएसआय. टायरमधून एक कणही बाहेर न जाता.

त्यात दुसरी गोष्ट मिळते. गाडी चालली की टायर तापतो आणि दाब ३ ते ५ पीएसआयने वाढतो. आता समजा, तुम्ही भर दुपारी सिन्नरहून गाडी चालवत आलात आणि वाटेत पंपावर ३३ भरून घेतली. ती ३३ म्हणजे गरम टायरची ३३. रात्रभर गाडी उघड्यावर थंड झाली की सकाळी दाब मोजायचं गेज २६-२७ दाखवणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा दुपारी पंपावर जाता, पुन्हा गरम टायरला ३३ होते, पुन्हा सकाळी दिवा. हे चक्र महिनोन् महिने चालू असलेल्या गाड्या मी दर वर्षी पाहतो. त्यांना टायरवाल्याची गरज नसते. हवा कधी मोजायची, एवढंच कळायला हवं असतं.

तिसरं कारण हळूहळू काम करतं. धडधाकट टायरच्या रबरातूनही हवा झिरपते, महिन्याला साधारण एक ते दोन पीएसआय. ऑक्टोबरच्या उकाड्यात भरलेली हवा डिसेंबरपर्यंत कोणी पाहिलीच नाही, तर थंडीचे तीन आणि झिरपण्याचे दोन-तीन मिळून ३३ ची २७-२८ होते. यात गूढ काही नाही, पण गाडी या दाबावर चालवायची नसते.

तपासणी १: दरवाजाजवळचं स्टिकर. खर्च शून्य.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दरवाजाच्या कडेवर एक स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिथे आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा. दोन-तीन माणसं असताना एक आणि गाडी भरलेली असताना दुसरा, असेही दोन रकाने असतात. आकडा बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणून २.३ बार म्हणजे ३३ च्या आसपास. २३० केपीए लिहिलं असेल तर तेही तेच.

टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा भरायचा नसतो. तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसतो त्याचा आहे. तो वाचून हवा भरणारे दरवर्षी भेटतात आणि त्यांच्या टायरची मधली नक्षी लवकर जाते, ब्रेकला गाडी घसरते.

पंपावर हवेचा पोरगा विचारतो, "साहेब, किती टाकू?" आणि आपण म्हणतो, "टाक, सगळ्यांना टाकतोस तेवढी." तो सगळ्यांना ३५ टाकतो, किंवा ३०. त्याची काही चूक नाही, त्याला तुमच्या गाडीचा आकडा ठाऊक नाही. तुम्ही सांगा, "दादा, पुढे ३३, मागे ३०," म्हणजे तो तेवढीच भरेल. पंपावर हवा मोफत असते. ती ग्राहकाला द्यायची ठरलेलीच सोय आहे, तेव्हा मागायला संकोच नको.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर सिलिंडरचं वजन मागच्या चाकांवर कायमचं बसलेलं असतं. अशा गाडीच्या मागच्या टायरना भरलेल्या गाडीचा रकाना पाहावा.

तपासणी २: स्वतःचं गेज आणि सकाळची वेळ. खर्च दोन-तीनशे रुपये.

साधं पेनासारखं गेज दीड-दोनशेला मिळतं, डिजिटल थोडं महाग. ते घ्याच. पंपावरची मशीन एकमेकांशी २-३ पीएसआयने जुळत नाहीत, हे मी स्वतःच्या गेजने ताडून पाहिलेलं आहे. आज या पंपावर, पुढच्या वेळी त्या पंपावर मोजलं तर हवा उतरली की मशीन चुकलं, हे कधीच कळणार नाही. तुमचं गेज एखाद पीएसआयने चुकत असलं तरी दर वेळी तेवढंच चुकेल, त्यामुळे फरक खरा दिसेल.

हवा मोजायची ती गाडी कमीत कमी तीन तास उभी राहिल्यावर, शक्यतो सकाळी, ऊन टायरवर यायच्या आधी. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो. पार्किंगमध्ये एका बाजूला ऊन पडत असेल तर त्या बाजूचे दोन टायर जास्त दाखवतात आणि माणूस उगाच गोंधळतो. पंप घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत असेल तर तिथे जाऊन भरली तरी चालतं, तेवढ्यात टायर तापत नाही.

पंप लांब असेल तर घरीच मोजा, किती कमी आहे ते लिहून घ्या आणि पंपावर पोचल्यावर तिथे दिसेल त्या आकड्यात तेवढेच पीएसआय वाढवायला सांगा. घरी २८ होती, ३३ हवी, म्हणजे ५ कमी. पंपावर गरम टायर ३१ दाखवतोय, तर ३६ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलीत की ३३ च्या जवळ सापडेल. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप दीड ते तीन हजारांत येतो. खेड्यात राहणाऱ्याला किंवा रोज पहाटे निघणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो, ही सगळी वजाबाकी वाचते.

आणि गरम टायरची हवा कधीही सोडू नका. लांबच्या प्रवासात चहाला थांबलात, मोजली, ३८ दिसली, आणि "जास्त झाली" म्हणून ५ सोडली, तर रात्री थंड झाल्यावर तो टायर २८ वर येईल. ते ३८ तिथे असायलाच हवे होते.

तपासणी ३: आठवडाभराची नोंद

चारही टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा. आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा, मग आठव्या दिवशी.

चारही एकमेकांच्या बरोबरीने आहेत, एखाद पीएसआय इकडे-तिकडे? मग टायर चांगले आहेत, काही खोलायचं नाही. दर पंधरा दिवसांनी सकाळी मोजत राहा आणि ऋतू पालटताना एकदा नीट सावरून घ्या.

एक टायर बाकीच्यांपेक्षा आठवड्यात २ पीएसआय किंवा जास्त मागे पडला, तर त्याला बारीक गळती आहे. एका रात्रीत ५ च्या वर गेला तर गळती मोठी आहे, तो टायर तसाच चालवू नका. पुढचं सगळं या टायरसाठी.

तपासणी ४: व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी आणि पाच मिनिटं.

व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा भरायच्या नळीवर, माझा भर जास्त आहे, कारण "पंक्चर सापडत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांत पुष्कळदा तो व्हॉल्व्हच असतो. चाक पाण्यात फिरवताना टायरवाल्याचं लक्ष रबरावर असतं आणि व्हॉल्व्ह राहून जातो.

टोपी काढा. टोपी नसेल तर गळतीचं कारण बहुधा तिथेच आहे. धूळ आणि पावसातला चिखल आतल्या पिनवर बसतो, हवा भरताना तो कण आत ढकलला जातो आणि पिन पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर शॅम्पूच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभर नजर हलवू नका. बारीक गळतीचा बुडबुडा एकदम येत नाही. आधी थेंब नुसता फुगतो, मग मोहरीएवढा होतो, फुटतो, पुन्हा फुगतो. असं झालं तर पिन ढिली आहे किंवा खराब आहे. पिन फिरवायची छोटी चावी टायरच्या दुकानात काही रुपयांत मिळते. हलक्या हाताने घट्ट करून पाहा. जोर लावू नका, पिनचं रबर चिरतं. घट्ट करूनही बुडबुडा येत असेल तर पिन बदलायची. ती काढल्यावर टायरमधली सगळी हवा जाते, म्हणून घरी पंप असेल तरच हे करा.

मग व्हॉल्व्हचा रबरी देठ अंगठ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवा आणि तो रिममध्ये घुसतो तिथे साबणाचं पाणी सोडा. जुन्या देठाला मुळाशी चिरा गेलेल्या असतात. सरळ उभा असताना त्या मिटलेल्या राहतात, वाकवल्यावर उघडतात. चाक वेगात फिरतं तेव्हा देठ बाहेरच्या बाजूला ओढला जातो, म्हणजे उभ्या गाडीत न दिसणारी गळती चालत्या गाडीत होत राहते. थंडीत रबर कडक होतं, त्यामुळे उन्हाळाभर तग धरलेला देठ डिसेंबरात हवा सोडू लागतो. देठ बदलायला टायर रिमवरून एका बाजूने उतरवावा लागतो, तेव्हा हे काम दुकानातच. खर्च शंभर-दीडशेच्या घरात. नवे टायर घालताना जुनेच व्हॉल्व्ह कोणी ठेवत असेल तर ठेवू देऊ नका. एवढ्याशा पैशांसाठी पाच वर्षं चालायचा टायर धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या चाकात दाबाचे सेन्सर आहेत त्यांनी धातूच्या चकचकीत टोप्या लावू नयेत. ॲल्युमिनियमच्या देठावर त्या गंजून घट्ट बसतात आणि काढताना देठच तुटतो, मग सेन्सरसकट खर्च येतो. प्लॅस्टिकची टोपी बरी.

तपासणी ५: खिळा, तार, काच

स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची नक्षी डोळ्यांसमोर येते. मागच्यासाठी गाडी थोडी थोडी पुढे घेऊन पाहावं. नक्षीत चमकणारं काही दिसलं तर खडूने खूण करा, उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा स्वतःच भोक अडवून धरतो, म्हणूनच हवा हळूहळू जात असते. उपटला की दहा मिनिटांत टायर खाली.

भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तर दुरुस्त होतं. बाहेरून दोरी घालून केलेलं पंक्चर लगेच होतं आणि शंभर-दीडशेत भागतं, शहरात फिरायला चालतं. पण हायवेवर रोज जाणाऱ्याने टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे भोकात बसणारा दांडा असलेली रबरी चकती, लावून घ्यावं. पैसे जास्त लागतात, पण त्या निमित्ताने टायर आतून पाहिला जातो. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या आत रबराचा काळा भुगा जमलेला असतो. तो बाहेरून कधीच दिसत नाही, आणि तो दिसला तर टायर टाकूनच द्यायचा.

बाजूच्या भिंतीतलं पंक्चर कोणीही, कितीही स्वस्तात करून देतो म्हटलं तरी करू नका. टायर वाकतो तो तिथेच.

तपासणी ६: रिम आणि टायरची बैठक

व्हॉल्व्ह ठीक, खिळा नाही, तरी हवा जाते. मग रिमची कड. टायरची जाड कड, जिला आम्ही बीड म्हणतो, रिमला घट्ट चिकटून हवा अडवते. पावसाळ्यात तिथे पाणी जातं, लोखंडी रिमला गंज येतो. अलॉयच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) रिमला पांढरी भुकटी धरते. टायर उतरवला की ती काळ्या रबरावर उमटलेली दिसते आणि बोट फिरवलं की रिमचा खडबडीत पट्टा लागतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेतून आलेल्या गाड्यांत हे जास्त. उकाड्यात मऊ रबर त्या खडबडीवर बसून जातं, थंडीत बसत नाही. त्यामुळे "फक्त हिवाळ्यातच एक टायर उतरतो" ही तक्रार ऐकली की मी आधी बीडकडे पाहतो.

घरी करायची तपासणी एवढीच: रिम आणि टायर जिथे भेटतात तिथे साबणाचं पाणी सगळीकडून सोडा. बारीक फेसाची रेघ उठली तर जागा सापडली. आतली कड मात्र चाक न काढता दिसत नाही. दुकानात टायर उतरवून रिम तारेच्या ब्रशने घासतात, बीडला सीलर लावतात, पुन्हा बसवून बॅलन्सिंग करतात. घासल्याशिवाय नुसता सीलर लावणाऱ्याला थांबवा, दोन महिन्यांत पुन्हा तेच होईल.

खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली असेल तर लोखंडी रिम ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून तीच पुन्हा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार चाकांपैकी एकावर अशी रिम ठेवून कुटुंब घेऊन घाट उतरू नये.

डॅशबोर्डवरच्या दिव्याबद्दल

दिवा लागून स्थिर राहिला तर हवा कमी आहे. गाडी चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड सेन्सरचा किंवा यंत्रणेचा असतो. सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि संपली की सेन्सर बदलावा लागतो. काही गाड्यांत वेगळे सेन्सर नसतातच, एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेते. तिथे हवा भरल्यावर मेनूतून रिसेट करावं लागतं, नाहीतर हवा बरोबर असूनही दिवा जात नाही.

आणि दिवा लागायची वाट पाहू नका. तो साधारण २० ते २५ टक्के दाब उतरल्यावर लागतो, म्हणजे ३३ ची २५-२६ झाल्यावर. त्या वेळेपर्यंत कडा झिजायला लागलेल्या असतात.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवू नका

हे मोठ्याने सांगायची गरज आहे, कारण उलटा सल्ला गावोगाव दिला जातो: "ऊन आहे, हवा तापून टायर फुटेल, चार पॉइंट कमी ठेवा." आपलीच शहाणीसुरती माणसं हे ऐकून समृद्धीवर चढतात. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा जास्त हवा नसते, कमी हवा असते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि आतले थर सुटू लागतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, कारला १२० ची मर्यादा आहे, रस्ता सरळ, ब्रेक लावायचं काम नाही. त्यामुळे टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. मे महिन्यात विदर्भात हवाच ४५ अंशांवर असते, काँक्रीट त्याहून कितीतरी गरम. स्टिकरवरचा आकडा ठरवताना कंपनीने टायर तापणार हे धरलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यातही सकाळी, थंड टायरला, स्टिकरइतकीच हवा. माणसं आणि सामान भरून नागपूरला निघालात तर भरलेल्या गाडीच्या रकान्यातली.

हिवाळा ते उन्हाळा या काळात आणखी एक फसगत होते. डिसेंबरात बरोबर भरलेली हवा एप्रिलमध्ये दुपारी मोजली तर बरोबरच दिसते. उन्हाने दाब वाढवलेला असतो आणि चार महिन्यांत झिरपलेली हवा त्याखाली झाकली जाते. सकाळी मोजली तर २ ते ४ पीएसआयची तूट उघडी पडते. म्हणून होळीच्या सुमाराला एकदा सकाळी सगळे टायर तपासाच.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. हवा कमी असली की टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग हाताला रिकामं लागतं. नासाने मांडलेल्या एका जुन्या सूत्राने हिशोब केला तर ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ ला ८३ च्या. टायर गोटा झालेला असेल तेव्हा हे आकडे खरे ठरतात, नक्षी चांगली असेल तर थोडी जास्त सवलत मिळते. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की तो टायर पावसात वापरू नये.

घाटाचंही एक आहे. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं. महाडहून महाबळेश्वरला चढलात तर बाहेरची हवा विरळ होते आणि तोच टायर साधारण २ पीएसआय जास्त दाखवतो. वर गेल्यावर हवा सोडू नका, उतरल्यावर कमी पडेल.

नायट्रोजनबद्दल रोज विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन झिरपतो कमी आणि कोरडा असतो, हे दोन फायदे खरे आहेत. पण थंडीत त्याचाही दाब तेवढाच उतरतो आणि उन्हात तेवढाच वाढतो. नायट्रोजन भरलाय म्हणून तीन महिने न मोजण्यापेक्षा साधी हवा पंधरा दिवसांनी मोजणं केव्हाही चांगलं. आणि अडचणीत नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही.

स्टेपनी विसरू नका. ती सहा-सहा महिने कोणी पाहत नाही, त्यामुळे स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त भरून ठेवा. बारीक, पातळ स्टेपनी असेल तर तिचा आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो ६० पीएसआय आणि वेगमर्यादा ताशी ८० असते.

इथे थांबा आणि टायरवाल्याकडे जा

टायरच्या भिंतीवर फुगा आला असेल तर त्यावर गाडी चालवायची नाही. आतले धागे तुटलेले असतात, तो कधीही फुटतो. स्टेपनी लावून जा. भिंतीला कापलंय, आतले धागे दिसतात, किंवा सुकून बारीक भेगा पडल्यात, तरीही तेच. टायरवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं उलटली की नक्षी कितीही चांगली दिसो, दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या.

२० पीएसआयच्या खाली गेलेल्या टायरवर पंपापर्यंत "हळूहळू नेतो" असं करू नका. जागेवर हवा भरा किंवा चाक बदला. टायर एकदा पूर्ण बसलेल्या अवस्थेत चालवला गेला असेल तर तो उतरवून आतून पाहिल्याशिवाय पुन्हा वापरू नये. टायर रिमवरून घरी काढायचा प्रयत्न नको. बीड जागेवर बसताना हात अडकून बोटं गेलेली माणसं या धंद्यात आहेत. बाटलीतलं सीलंट फक्त अडचणीतून बाहेर पडण्यापुरतं वापरा आणि नंतर टायरवाल्याला ते आत आहे हे आधी सांगा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ वर फोन करा. धावत्या लेनच्या बाजूला बसून चाक बदलू नका.

हवा बरोबर असूनही टायर एकाच कडेने झिजत असेल किंवा स्टेअरिंग थरथरत असेल, तर प्रश्न अलाइनमेंट, बॅलन्सिंग किंवा सस्पेन्शनचा आहे, हवा वाढवून तो जात नाही.

दुकानात जाताना आठवड्याची नोंद सोबत न्या. "पुढचा डावा, थंड असताना आठ दिवसांत ३३ चा २७ झाला, बाकी तीन जागेवर आहेत, व्हॉल्व्हला साबण लावून पाहिलाय" असं सांगितलंत तर टायरवाला थेट बीडकडे जाईल आणि तुमचे चार चाकं खोलण्याचे पैसे वाचतील. काम झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा पान्याने तपासून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, तो टायर मोजा.